किल्ला गेला, गव्हाण राहिली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. भाईंदर पूर्वेला आमच्या चाळीच्या तोंडाशी नाताळच्या आधी मुलं गोठा उभारतात. बांबूच्या कामट्या, गोणपाट, तबेल्यातून मागून आणलेला पेंढा आणि मातीची मेंढरं, असा सगळा थाट असतो. त्या वर्षी दोन मुलं रंगाची डबी आणि पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "चाचा, तुमचं अक्षर चांगलं आहे. यावर मोठ्या अक्षरात 'इम्मानुएल' लिहून द्या." मी लिहायला बसलो. लिहिता लिहिता विचारलं, "अर्थ काय रे याचा?" दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग धाकटा म्हणाला, "देवाचंच नाव असेल ना चाचा!"

दुसऱ्या दिवशी ती पाटी माझ्या एका जुन्या मित्राने पाहिली. जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही दोघं घराकडे येत होतो. गोठ्यापाशी तो थांबला. म्हणाला, "अक्षर तुझंच दिसतंय. जे आपण मानत नाही, ते आपल्या हातानं कसं लिहिलंस?" तो रागाने बोलला असता तर मी हसून उडवून लावलं असतं. तो शांतपणे बोलला, त्यामुळे प्रश्न मनात राहिला.

मला त्या मुलाला उत्तर द्यायचं होतं आणि या मित्रालाही. त्यासाठी थोडं वाचावं लागलं, थोडं हिंडावं लागलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

'इम्मानुएल' हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ 'देव आमच्याबरोबर'. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तो येतो आणि मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तो येशूच्या जन्माला लावतो. पण त्या जन्माची हकीकत खरी ऐकावी ती लूकची. रोमचा सम्राट औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. हुकूम वरून सुटतो आणि पायपीट खालच्याला करावी लागते, हे हातात कागद घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. नासरेथचा योसेफ दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. तिथे उतारशाळेत जागा नव्हती. मूल झालं. आईने ते बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं.

उतारशाळा, बाळंतं, गव्हाण हे तिन्ही शब्द आपल्या मराठी बायबलातले आहेत. बाळंतं म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा. गव्हाण म्हणजे गुरांपुढे वैरण टाकायची जागा. ज्याच्या घरी कधी गाय होती, त्याला हा शब्द वाचताच ओल्या कडब्याचा वास येतो. भाषांतर करणाऱ्याने इथे भारदस्त संस्कृत शब्द घातला असता, तर सगळी गोष्टच आपल्यापासून लांब गेली असती.

या जन्माची खबर पहिल्यांदा कुणाला मिळाली? राजवाड्यात नाही, देवळातल्या याजकांनाही नाही. रानात रात्रीच्या वेळी कळप राखत बसलेल्या मेंढपाळांना ती मिळाली. आमच्या भागातल्या भाषेत सांगायचं तर रात्रपाळीवरच्या लोकांना. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तिथे पॉलिशच्या चाकावर काम करणारा माणूस सुटतो तेव्हा त्याच्या फक्त डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. लूकने सांगितलेली खबर आज यायची असेल तर कुणाकडे येईल, याचा विचार करताना मला नेहमी ही माणसं आठवतात.

आता ख्रिस्ती माणूस इथे नेमकं काय म्हणतो, ते नीट ऐकलं पाहिजे. देवाने एक थोर पुरुष पाठवला, असं म्हणून तो थांबत नाही. तो म्हणतो की देव स्वतः आला. आणि आला तो ज्याला मान धरता येत नाही, भूक लागली तर रडण्यापलीकडे काही करता येत नाही, अशा अवस्थेत आला. योहानाच्या शुभवर्तमानात 'शब्द' देहधारी होऊन माणसांत राहिला असं सांगितलं आहे. तिथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, त्यात तंबू ठोकून राहण्याचा अर्थ आहे. रानात पाल ठोकून राहणाऱ्या आपल्या धनगरांच्या वाड्याजवळ देवानेही आपलं पाल ठोकलं, असं ते चित्र.

मी हे मानत नाही. मुसलमान म्हणून माझी श्रद्धा अशी की अल्लाह जन्म घेत नाही आणि कुणाला जन्म देत नाही. शेजाऱ्यावर प्रेम आहे म्हणून हा फरक झाकायचा, हे मला पसंत नाही. पण हजरत ईसा आणि बीबी मरियम आमच्या घरात परके नाहीत. कुराणात नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच, ती मरियम. तिच्या नावाची एक पूर्ण सूरा आहे. तिथे उतारशाळा नाही आणि गव्हाणही नाही. एकटी बाई खजुराच्या बुंध्याला टेकली आहे, वेणा सुरू झाल्या आहेत आणि याआधीच मेले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. तेव्हा तिला आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाखालून झरा वाहतो आहे, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल. माझी आई ही हकीकत सांगताना इथे हमखास डोळे पुसायची. आणि अल्लाह माणसाला त्याच्या गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहे, असं सूरा काफमध्ये सांगितलं आहे. म्हणजे देव जवळ आहे, एवढ्यावर माझा आणि माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा वाद नाही. किती जवळ आणि कसा, यावर आहे.

गोठा उभारण्याची चाल कशी पडली, तेही ऐकण्यासारखं आहे. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली नाताळला एका कपारीत खरा पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव आणून बेथलेहेम उभं केलं. लोकांना ते डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू. त्याच्या चारच वर्षं आधी, १२१९ साली, क्रुसेडची लढाई चालू असताना हाच फकीर माणूस नि:शस्त्र इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला होता. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. दोघांपैकी कुणीही धर्म बदलला नाही. आमच्या चाळीतला गोठा पाहताना मला ही जुनी भेट आठवते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. इथे मात्र ही गोष्ट पेंढ्यावर बसून आली नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धास्तीत असताना पोर्तुगीजांनी त्याच्याकडून वसई आणि आसपासचा मुलूख लिहून घेतला. तो तह २३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधी, एका गलबतावर झाला. त्या गलबताचं नाव होतं 'संत मत्तय'. ज्या मत्तयाने 'देव आमच्याबरोबर' असं लिहिलं, त्याच्या नावाच्या जहाजावर तोफा होत्या! पुढे वसईचा कोट उठला. देवळं पडली, मशिदी पडल्या. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनची दहशत सुरू झाली. हा इतिहास वसईचे जाणते ख्रिस्ती लेखक स्वतःच सांगत आले आहेत, त्यामुळे मी तो दबक्या आवाजात सांगण्याचं कारण नाही.

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की वाटेत डोंगरी लागते. तिथलं चर्च बेथलेहेम माऊलीचं आहे. लहानपणी नुसतं नाव ऐकलं होतं. मोठेपणी तिथे गेलो, तेव्हा मनात हाच प्रश्न होता की राजाच्या तोफांबरोबर आलेला देव इथल्या कोळ्याला, आगऱ्याला, शेतकऱ्याला आपला कसा वाटला?

उत्तराचा एक धागा गोव्यात सापडतो. योगायोग असा की आपलं भाईंदर ज्या बेटावर आहे ते साष्टी, आणि गोव्यातल्या त्या तालुक्याचं नावही साष्टी. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. १५८३ साली साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी लोकांनी पाच मिशनऱ्यांना ठार केलं. आधी त्यांची देवळं उद्ध्वस्त झाली होती, तो संताप होता. नंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून बोलावून पोर्तुगीजांनी त्यांना मारलं. मारले गेलेले मिशनरी स्टीफन्सचे सोबती होते. त्यांचे देह मिळवून दफन करण्याची वेळ त्याच्यावर आली, अशी नोंद आहे. अशा माणसाने इथल्या लोकांचा कायमचा दुस्वास केला असता तर नवल नव्हतं. तो त्यांची भाषा शिकत बसला.

नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं त्यांच्याकडून काढून घेतलेली होती. संध्याकाळी बसून ऐकायला काहीतरी हवं, ही त्यांची गरज होती. स्टीफन्सने ती ओळखली आणि ओवी हातात घेतली. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची, जात्यावर बसलेल्या बाईची ओवी. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापून झालं. नागरी खिळे नव्हते, म्हणून रोमन लिपीत. मराठीची थोरवी गाणारा त्यातला भाग शाळेत आपल्या सगळ्यांच्या कानांवरून गेला आहे. मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. बेथलेहेमची रात्र पहिल्यांदा मराठीत आली ती ओवीतून आली, आणि ओवीत यायचं तर तिला इथल्या माणसांच्या बोलण्यातून यावं लागलं. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. लॅटिन येणाऱ्या पंडिताने हा शब्द उचलला, तेव्हा त्याच्या वरिष्ठांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, असं मला आपलं वाटतं.

त्याच सतराव्या शतकात इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहीत होते. तीही ओवीच. एक इंग्रज ख्रिस्ती, एक मुसलमान सूफी, आणि दोघांनीही देवाबद्दल बोलायला तोच साडेतीन चरणांचा ओटा निवडला. मराठीत कविता लिहितो म्हणून "घरी कुठली भाषा बोलता?" असं मला अजून विचारलं जातं. तेव्हा मी या दोघांची नावं सांगतो. समोरचा बहुधा विषय बदलतो.

राज्यकर्त्यांना मात्र ही जवळीक फार काळ मानवली नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. मग ग्रंथ टिकला कसा? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या नेल्या, पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या आणि अशाच पोथ्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. सरकारने ज्या भाषेवर बंदी घातली, ती लोकांनी घरातल्या फडताळात जपून ठेवली होती. नागरी लिपीतली मराठी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली काढली.

आपल्या बाजूला याहून मोठी कसोटी लागली ती १७३९ साली. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत उत्तन-डोंगरीजवळच्या धारावी किल्ल्यासाठीही झुंज झाली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात वसईचा कोट मराठ्यांच्या हाती आला. दोनशे वर्षांचं पोर्तुगीज राज्य आवरलं. युरोपीय पाद्री निघून गेले. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली ती प्रसिद्ध घंटा यातलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियामाता कोरलेली आहे. मी ती हात लावून पाहिली आहे. घाटावर कपडे धुणाऱ्या एका आजींना विचारलं, ही कोण? त्या म्हणाल्या, "लेकुरवाळी हाय, देवीच म्हणायची." मी पुढे काही बोललो नाही.

घंटा गेल्या, किल्ला गेला, राजा गेला. ज्या सत्तेच्या धाकाने लोक ख्रिस्ती झाले असं आपण म्हणतो, ती सत्ता उरली नाही. मग लोकांनी हा धर्म टाकायला हवा होता. नव्या राज्यात त्यातून त्यांना फायदा काहीच नव्हता. तरी वसई, उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरीच्या गावोगावच्या लोकांनी तो टाकला नाही. गोव्याकडच्या देशी पाद्र्यांच्या आधाराने ते राहिले. मिस्सा लॅटिनमध्ये, तिचा शब्द कळत नसे. पण घरातली प्रार्थना, लग्नातली गाणी, अंगाई ही कोळी, वाडवळी, सामवेदी बोलीतली. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्यांत गोवेकरांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून १८८७ साली मुंबई-साष्टीकडच्या या मराठी बोलणाऱ्या लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' असं इंग्रजी नाव घेतलं. घरातली भाषा मात्र बदलली नाही. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज. पाव, पगार, चावी यांच्यासारखाच तोही इथे राहून गेला आणि मराठी झाला.

माझ्या मते नाताळचा जो अर्थ, त्याचा या किनाऱ्यावरचा पुरावा १५३४ सालात शोधू नये, १७३९ नंतरच्या डिसेंबरांत शोधावा. तोफ नसताना, व्हाइसरॉय नसताना कुणा कोळणीने आपल्या खोपट्यात दिवा लावला असेल आणि पोराला गव्हाणीची गोष्ट सांगितली असेल. त्या वेळी ती गोष्ट तिची झाली होती.

सामान्य माणसाच्या जवळ जायचं म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंनी फार कष्टाने दाखवलं. संस्कृत तोंडपाठ असलेली ही विदुषी. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि परित्यक्ता, विधवा बायका यांना घेऊन त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहत होत्या. उपलब्ध मराठी बायबल या बायकांना जड जातं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि निरक्षर बाईलाही ऐकून समजेल अशा साध्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवलं. छपाईच्या कामातही मिशनमधल्या बायकाच होत्या. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, ग्रंथ त्यांच्यामागून बाहेर आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही आपल्या परीने हेच केलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि भजन-कीर्तन त्यांनी चर्चमध्ये नेलं.

कॅथलिक चर्चमध्ये लोकांच्या भाषेत मिस्सा व्हायला दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली, म्हणजे १९६० चं दशक. तिथून पुढे वसईत मराठी मिस्सा, मराठी भक्तिगीतं असं बरंच उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईच्या विहिरी आणि वाड्या वाचाव्यात म्हणून हाच धर्मगुरू रस्त्यावरही उतरला होता. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, असा विरोध काहींनी केला. स्टीफन्सच्या ग्रंथाला चारशे वर्षं झाल्यानंतरही हा प्रश्न यावा, याचं मला वाईट वाटलं. आश्चर्य वाटलं नाही, कारण त्यातला निम्मा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. तब्येत साथ देत नसतानाही ते संमेलनाला गेले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

माझ्या मित्राला मी हे सगळं एका बैठकीत सांगितलेलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेलो, कधी चहावर, कधी लोकलच्या दारात. तो अजून म्हणतो की तू लिहायला नको होतंस. मी म्हणतो, ती साक्ष माझी नव्हे, माझ्या शेजाऱ्यांची आहे. मी फक्त तिचे लेखनिकपण केलं, आणि शेजाऱ्याचं म्हणणं चुकीच्या अक्षरात लिहिलं जाण्यापेक्षा ते बरं. यावर त्याने एकदाच हार मानल्यासारखं केलं. म्हणाला, "मग निदान त्या पोरांना अर्थ तरी सांग."

तो मी सांगितला होताच. 'देव आमच्याबरोबर' हे शब्द ऐकल्यावर धाकट्याने विचारलं, "आमच्या म्हणजे कुणाच्या चाचा? आमच्याच?" मी म्हटलं, हे तू तुझ्या फादरना विचार. मागच्या डिसेंबरात ती मुलं पुन्हा आली. जुनी पाटी पावसात भिजून गेली होती. नवा पुठ्ठा त्यांनी मोठा आणला होता. धाकट्याने सांगितलं, "चाचा, खाली मराठीत अर्थ पण लिहा. आणि तबेल्यातल्या भैयाला वाचता येईल असं हिंदीत पण. त्याने पेंढ्याचे पैसे घेतले नाहीत."